टेबलावर वारा नसतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला आकाशवाणीवर बोलावले की तो कविता वाचणार, असे तुम्ही धरून चालला असाल. आज मी कविता वाचणार नाही. काड्यापेटीएवढ्या एका यंत्राविषयी बोलणार आहे. त्याचे नाव सर्वो. ब्रह्मपुरीसारख्या धानाच्या मुलखात राहणारा, बी. ए. झालेला, गणिताला आयुष्यभर वळसा घालून गेलेला माणूस या यंत्राच्या नादी कसा लागला, याला कारण माझा भाचा. तो नागपुरात अभियांत्रिकी शिकतो आणि रेडिओवर चालणारी विमाने बनवतो. माझा आवाज आत्ता ज्या लहरींवरून तुमच्यापर्यंत येतो आहे, त्याच कुळातल्या लहरींवरून त्याचे विमान त्याचे म्हणणे ऐकते. त्यामुळे या विषयाला रेडिओवर जागा मागायचा मला थोडासा हक्क आहे, असे मी समजतो.

आधी विमान डोळ्यांपुढे आणू. पंखांची लांबी सव्वा मीटर, वजन एक किलो तीनशे ग्रॅम. अंग हलक्या फोमचे, आत बाल्सा लाकडाच्या पट्ट्या. पुढे मोटार आणि पंखा. हे नुसते सरळ उडणारे विमान नव्हे. कोलांट्या घेणारे, पाठीवर उडणारे, नाक आभाळाकडे करून पंख्याच्या जोरावर हवेत लोंबकळत राहणारे, म्हणजे कसरतीचे विमान. २०२२ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या वायुसेना नगरात एअर फेस्ट झाला होता. तिथे भाच्याने सूर्यकिरण पथकाची हॉक विमाने पाहिली आणि त्याच्या डोक्यात हे खूळ शिरले. हे पथक हवाई दलाने १९९६ मध्ये आपल्या शेजारच्या बिदरला उभे केले. विमान बनवण्याचे पहिले धडे मात्र त्याला एनसीसीच्या हवाई शाखेत मिळाले. तिथे कॅडेटना एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या प्रतिकृती बनवणे आणि उडवणे, शिकवतात. वायु सैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. तिथला एक प्रकार मला फार आवडला. विमान दोन लांब तारांना बांधलेले असते, उडवणारा मधोमध उभा राहून ते आपल्याभोवती फिरवतो आणि हातातली मूठ वाकवून वर-खाली करतो. त्या प्रकारात विमानाच्या शेपटीवर येणारा जोर थेट माणसाच्या मनगटाला कळतो.

रेडिओच्या विमानात ती तार नाही. मनगट जमिनीवर आणि शेपटी शंभर मीटर दूर. मग शेपटीची पट्टी हलवायला तिथे कुणीतरी गडी ठेवावा लागतो. तोच सर्वो. प्लास्टिकच्या डबीत एक लहान मोटार, काही दातेरी चाके आणि आपण किती वळलो हे ओळखणारा एक भाग. डबीतून बाहेर आलेल्या कण्यावर एक छोटा दांडा, त्याला पोरे आर्म म्हणतात. त्या आर्मपासून एक तार निघते ती पट्टीवरच्या खुंटीला जाऊन मिळते. त्या खुंटीला हॉर्न म्हणतात. तुम्ही जमिनीवर काडी जेवढी सरकवाल, तेवढाच आर्म वळतो आणि तिथेच धरून राहतो. धरून राहणे महत्त्वाचे. नुसते वळणारे यंत्र म्हणजे मोटार. वळून तिथेच ठाम राहणारा तो सर्वो.

शब्दांचा मी धंदेवाईक शोधक आहे, म्हणून हा शब्द खणून पाहिला. लॅटिनमध्ये 'सर्व्हस' म्हणजे गुलाम, सेवक. जोसेफ फार्को नावाच्या फ्रेंच अभियंत्याने जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर वळवणारे यंत्र केले आणि १८७३ साली त्याविषयी पुस्तक लिहिले. त्या पुस्तकातून 'सर्वो-मोटर' हा शब्द रुळला. म्हणजे मालकाच्या हुकमात राहणारे यंत्र. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरवतात. त्याला विचारतात ते एवढेच, की बाबा, तुला कोणकोणती कामे जमतील. भाच्याने आपल्या विमानासाठी गडी ठरवताना हा प्रश्न अर्धाच विचारला. त्याची गोष्ट सांगतो.

एप्रिल महिना होता. धान कधीचे निघून गेले होते, बांध्या कोरड्या पडल्या होत्या. गावापासून लांब माझ्या एका मित्राचे शेत आहे, तिथे आम्ही गेलो. शेताच्या पलीकडच्या धुऱ्यानंतर झुडपी जंगल सुरू होते. मोहफुलांचा हंगाम असल्याने सकाळी तिथे बायाबापड्यांची वर्दळ असते, सायंकाळी सहसा कुणी नसते. भाच्याने विमान सोडले. कोलांटी झाली, पाठीवरचे उड्डाण झाले. पंख्यावर लोंबकळणे तर असे झाले की माझ्या मित्राच्या तोंडून आपोआप 'वा' निघाले. शाबासकी मिळाली की पोराला चेव येतोच. त्याने विमान उंच नेले आणि नाक खाली करून सूर मारला.

सूर मारल्यावर ठरावीक उंचीवर शेपटीची पट्टी वर करायची, की विमान वळसा घेऊन सरळ होते. त्याने काडी ओढली. विमान वळले, पण पुरते नाही. एखादा म्हातारा बैल जसा ओढूनही हळूहळूच वळतो, तसे ते लांबलचक वळण घेत खाली येत राहिले. बांध्यांवरून सरळ जंगलाच्या बाजूला निघाले. आणि नेमकी त्याच वेळी डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई धुऱ्यावरून परत येत होती. विमान तिच्या डोक्यावरून तीन-चार हातांवरून गेले आणि झुडपांत पडले. ती मटकन खाली बसली. मोळी सुटून पडली.

भाचा ताडकन विमानाच्या दिशेने धावला. माझा मित्र मागून ओरडला, "नोको जाऊ रे तिकडे, सांज झाली!" आणि त्याने धावत जाऊन त्याला दंडाला धरले. ब्रह्मपुरी वनविभागात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आमच्याकडे वाघ फक्त ताडोबात नसतो. तो धुऱ्यापलीकडे असतो, नाल्यात असतो, कधी धानाच्या उभ्या पिकात असतो. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसे परत आली नाहीत, अशा बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो. पुण्या-मुंबईत विमान पडले तर पोरगा जाऊन उचलून आणत असेल. इथे पडलेले विमान आणायला जाणे हा वेगळाच हिशेब असतो.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगले वर आल्यावर आम्ही पाच-सहा जण, हातात काठ्या, मोठमोठ्याने बोलत गेलो आणि विमान घेऊन आलो. त्या बाईच्या घरीही गेलो. ती काही बोलली नाही. तिचा मुलगा म्हणाला, "खेळणं असं असते का, भाऊ?" त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरी आल्यावर भाच्याने हिशेब करून दाखवला, की सूर मारताना विमानाचा वेग ताशी शंभरच्या वर असेल, तर ते पंचेचाळीस मीटर उंचीवरून टाकलेल्या सव्वा किलोच्या धोंड्याएवढ्या जोराने लागले असते. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, विमानाचा रेडिओ कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. ती शिवणकाम करते. विमानाचे पैसे तिच्या मशिनीतून आलेले होते, त्यामुळे कुलपावर कुणाला अपील नव्हते.

आता हे झाले कशाने? जो तो म्हणाला, रेंज गेली. हल्ली मोबाइलमुळे कशालाही 'रेंज गेली' म्हणायची सोय झाली आहे. पण विमान अखेरपर्यंत थोडे थोडे वळत होते, म्हणजे हुकूम पोचत होता. मग सर्वो मोडला असेल? भाच्याने तोंड भरून विनवणी केल्यावर बहिणीने तासाभरासाठी कुलूप उघडले. शेपटी टेबलावर ठेवली, बॅटरी जोडली, काडी ओढली. पट्टी पुरी वर. काडी ढकलली, पट्टी पुरी खाली. सर्वो धडधाकट, तार जागच्या जागी, एक दाताही तुटलेला नाही. पोरगा चक्रावला. मीही.

उलगडा झाला तो दोन दिवसांनी, आणि त्याचे अर्धे श्रेय मला आहे हे मी या माध्यमातून नोंदवून ठेवतो. मी सहज म्हणालो, "अरे, टेबलावर वारा कुठे आहे?"

मग आम्ही वारा मोजायला निघालो. आठवडी बाजारातून एक लटकता ताणकाटा आणला, मासे तोलायचा. वीस सेंटिमीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद असा पुठ्ठा कापला. भाच्याच्या विमानाची शेपटीची पट्टी पन्नास सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद आहे. गुणाकार करून पाहा, दोघांचे क्षेत्रफळ एकच, चारशे. भल्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर भाचा मोटारसायकल चालवतो आहे आणि मागे पन्नाशी ओलांडलेला कवी पुठ्ठा वाऱ्यासमोर आडवा धरून काट्यावर डोळे लावून बसला आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांनी अजून मला विचारणे सोडलेले नाही. ताशी पस्तीसला काटा पाव किलोच्या थोडा पुढे होता. ताशी सत्तरला तो थरथरत सव्वा किलोच्या आसपास गेला. वेग दुप्पट, जोर मात्र चौपटीच्याही वरच दिसला. वाढीव थोडेफार माझ्या हाताचे.

शाळेत हे शिकवले असणार, माझ्या कानावरून गेले असणार. पण मागच्या सीटवर बसून ते मनगटात उतरले. वेग दुप्पट झाला की एका सेकंदात पुठ्ठ्यावर आदळणारी हवा दुप्पट होते, आणि आदळणारा प्रत्येक कणही दुप्पट वेगाने येतो. दोनाला दोनाने गुणले, चार. तिप्पट वेगाला नऊ. सर्वो निवडण्याच्या गणितात याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. बाकीचे सारे याच्या मागे येते.

दुसरी गोष्ट पट्टीच्या रुंदीची. सर्वोचे बळ किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. हे माप ऐकून बिचकू नका. जात्याचा खुंटा कडेला असला तर ओढायला सोपे, मध्याजवळ असला तर जड, हे ज्यांनी दळले त्यांना ठाऊक आहे. एक किलो-सेंटिमीटर म्हणजे कण्यापासून एका सेंटिमीटरवर एक किलो उचलण्याची ताकद. दोन सेंटिमीटरवर तोच गडी अर्धा किलोच उचलेल. आता शेपटीची पट्टी आठ सेंटिमीटर रुंद. तिच्यावरचा वाऱ्याचा जोर साधारण मधोमध, बिजागरीपासून चार सेंटिमीटरवर धरू. ताशी छत्तीस किलोमीटरला पट्टी पुरी वर असेल तर तिच्यावर पाव किलोच्या आसपास जोर येतो. पाव गुणिले चार, एक किलो-सेंटिमीटर. ताशी बहात्तरला चार. सूर मारताना ताशी एकशे आठला नऊ. हा ठोकळ हिशेब आहे, खऱ्या पट्टीवर थोडे कमी-जास्त होते. आणि सुरातून बाहेर यायला पट्टी पुरी वर न्यावी लागत नाही, थोडी नेली तरी पुरते. म्हणून नऊचा चौथा हिस्सा धरा. तरी सव्वादोन.

भाच्याच्या शेपटीत होता नऊ ग्रॅम वजनाचा लहान सर्वो. पाकिटावर छापले होते, एक पूर्णांक आठ दशांश. आर्म आणि हॉर्न सारख्याच लांबीचे, म्हणजे तारेकडून सूट काही नाही. पंख्यावर लोंबकळताना, सावकाश कोलांट्या घेताना एक-सव्वाचे काम होते ते त्याने हसत केले. सुरात सव्वादोनचे काम आले तेव्हा वाऱ्याने त्याचा हात मागे ढकलला. तो मोडला नाही, थांबला नाही, हुकूम विसरला नाही. त्याला पेलले नाही, एवढेच. आणि पुढे धक्का असा, की आम्ही तोच सर्वो ताणकाट्याला लावला तेव्हा तो एक पूर्णांक दोन दशांशलाच अडकला. कुणी बनवला होता ते मी सांगत नाही. स्वस्तातल्या मालावरचे आकडे मोजल्याशिवाय मानू नयेत, इतके पुरे.

छापलेला आकडा खरा असला तरी तो कशाचा असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. तो आकडा म्हणजे गडी जिथे जागच्या जागी थिजतो तो भार. हमालाच्या पाठीवर इतके पोते ठेवायचे, की तो उभा राहील पण पाऊल टाकू शकणार नाही, आणि मग म्हणायचे, याची ताकद एवढी. काम करून घ्यायचे तर त्याच्या निम्म्याच्या आत ठेवावे. शिवाय विजेचा दाब बदलला की आकडा बदलतो. फुताबा कंपनीचा एस ३००३ हा वर्षानुवर्षे चाललेला साधा सर्वो घ्या. ४.८ व्होल्टला ३.२ किलो-सेंटिमीटर, ६ व्होल्टला ४.१. एकच गडी, पण शिधा पाहून जोर दाखवणारा.

हे सगळे खेळण्यातल्या विमानांपुरतेच आहे असे मात्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जपानचे झीरो नावाचे लढाऊ विमान फार चपळ म्हणून गाजले होते. त्यात सर्वो नव्हता, वैमानिकाच्या हाताचे बळच काय ते. १९४२ साली अलास्काजवळच्या अकुतान बेटावर यातले एक विमान दलदलीत उतरताना उलटले. अमेरिकनांनी ते उचलून नेले, दुरुस्त केले आणि सॅन दिएगोला उडवून पाहिले. कळले ते असे, की कमी वेगाला वाऱ्यासारखे वळणारे हे विमान वेग वाढला की लाकडासारखे ताठ होते. पंखांवरच्या पट्ट्या हाताने हलेनाशा होतात. मग त्यांच्या वैमानिकांना सांगण्यात आले, झीरो मागे लागला तर सूर मारा आणि वेगात असतानाच वळा, त्याला तसे वळता येणार नाही. पुढे विमाने जेट झाली आणि माणसाच्या हाताचा निभाव लागेना. आजच्या हॉकसारख्या विमानात पट्ट्या हलवायला तेलाच्या दाबाचे यंत्र असते. आमच्या पोराच्या फोमच्या विमानात आणि झीरोत दुखणे एकच होते.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढे, मोठा सर्वो घ्या आणि मोकळे व्हा. भाच्यानेही हेच केले. रोबो बनवण्यासाठी कॉलेजात पोरे वापरतात ते पंचावन्न ग्रॅमचे, दहा-अकरा किलो-सेंटिमीटरचे चार सर्वो मित्राकडून उसने आणले. चारही जोडले, काडी सगळीकडून एकदम फिरवली, आणि रिसीव्हरचा दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. जास्त जोराचा गडी जास्त खातो. चौघांनी एकदम घास घेतला तेव्हा मोटारीच्या नियंत्रकातून येणारा लहानसा विद्युतपुरवठा कोसळला आणि हुकूम ऐकणारा रिसीव्हरच बेशुद्ध पडला. हे हवेत झाले असते तर विमानाचे चारही अंग एकाच वेळी लुळे पडले असते. दुबळ्या सर्वोने निदान थोडे तरी वळवले होते.

वजनाचेही तसेच. शेपटीत जास्तीचे चाळीस-पन्नास ग्रॅम घातले तर ते तिथेच थांबत नाहीत. विमानाचा तोल पंखाजवळ सांभाळायचा असतो. शेपटी तिथून लांब, नाक जवळ. भाच्याच्या विमानात हे अंतर तिपटीचे आहे. म्हणजे शेपटीत पन्नास ग्रॅम वाढवले की नाकात दीडशे वाढवायचे. मग विमान जड होते, जड विमान वेगाने उडवावे लागते, आणि वेग वाढला की... वर सांगितलेला वर्ग पुन्हा येऊन बसला. हे चक्र मला फार जुन्या ओळखीचे वाटले. कर्ज फेडायला काढलेले कर्ज असेच असते.

याच सुमारास माझ्या बहिणीने या प्रकरणात लक्ष घातले. तोवर ती फक्त कुलपाची मालकीण होती. एके दिवशी ती मशिनीवरून उठून आली, सर्वो आणि पट्टी यांच्यामधली तार तिने दोन बोटांत धरली आणि विचारले, "भाईजान, तुम्ही दोघे इतके दिवस गड्याचा जोर मोजताय. त्याच्या हातातली काठी कुणी पाहिली?" तार सायकलच्या स्पोकची होती, बारीक आणि लांब. तिने दोन्ही टोकांनी ओढली, काही झाले नाही. मग दोन्हीकडून दाबली, ती धनुष्यासारखी वाकली. ओढायला बळकट, ढकलायला कुचकामी. आणि आमच्या विमानात पट्टी वर करताना सर्वो नेमका तार ढकलत होता. म्हणजे वाऱ्याने गड्याला मागे लोटले होतेच, शिवाय त्याची काठीही वाकली असणार. शिवणयंत्राच्या दांड्या आणि पट्ट्यांत तीस वर्षे काढलेल्या बाईला जे एका नजरेत दिसले, ते आम्हा दोघा शिकलेल्यांना महिनाभर दिसले नव्हते. तिने आणखीही एक सांगितले. बिजागरी ढिली होती, पट्टी सर्वोने घट्ट धरलेली असतानाही बोटाने जराशी खडखडत होती. भाच्याला ते माहीत होते, त्याने महत्त्व दिले नव्हते. वेगात अशी ढिली पट्टी फडफडायला लागते, वाऱ्यातल्या पताकेसारखी, आणि एकदा फडफड धरली की काही क्षणांत शेपटी उखडून निघू शकते. तिथे सर्वोचा जोर कितीही असो, खेळ मधल्या सांध्यात असेल तर तो पट्टीपर्यंत पोचतच नाही.

मग नव्याने मांडणी झाली, आणि ती बहिणीच्या टेबलावर झाली. सर्वो आला वीस ग्रॅमच्या आतबाहेरचा, धातूच्या दात्यांचा. पाकिटावर चार लिहिले होते, ताणकाट्यावर साडेतीन भरला. आर्म केला एक पूर्णांक दोन सेंटिमीटर, हॉर्न दोन सेंटिमीटर. आर्म आखूड आणि हॉर्न लांब असला की सर्वोवरचा भार कमी होतो. इथे तो सहा दशांशावर आला, म्हणजे सुरातले सव्वादोनचे काम सर्वोला एक पूर्णांक चारच्या आसपास वाटेल. साडेतीनच्या निम्म्याच्या आत. पण फुकट काही मिळत नाही. पट्टी आता पूर्वीसारखी पंचेचाळीस अंश वर जात नाही, तीसच्या आतच थांबते. लोंबकळण्याच्या दोन-तीन खास करामती गेल्या. भाच्याचा जीव त्यांच्यात होता. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. माझे मत विचाराल तर त्याने योग्य तेच सोडले. पण मला त्या करामती येत नाहीत, तेव्हा माझ्या मताला किंमत किती ते तुम्ही ठरवा.

सर्वो शेपटीत दुसऱ्या बाजूने बसवला, पट्टी वर जाताना तार ओढली जावी म्हणून. तार जाड आणि आखूड केली. बिजागरीची फट बारीक पारदर्शक चिकटपट्टीने बंद केली, तिच्यातून वारा पळू नये म्हणून. रिसीव्हर आणि सर्वो यांना वेगळा, पाच अँपिअरचा पुरवठा दिला. नाकात वजन न भरता बॅटरीच थोडी पुढे सरकवली. आणि बहिणीने अट घातली, की वेग एकदम वाढवायचा नाही. आधी थोडा सूर, मग थोडा जास्त, आणि प्रत्येक वेळी खाली उतरवून सगळे सांधे हाताने पाहायचे. जंगलाच्या बाजूला नाक करून सूर मारायचा नाही. आजूबाजूला कुणी असेल तर उडवायचेच नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ज्या घरांत अशी पोरे आहेत त्यांनी २०२१ चे ड्रोन नियम एकदा वाचावेत. शिकण्यासाठी आणि छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या पंचवीस किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा त्यात वेगळा उल्लेख आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. पण कुठे उडवता येते आणि कुठे नाही, हे हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांच्या नकाशात पाहावे लागते. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय असे काही उडवायचा विचारही करू नये. आमच्या पोराला हे आधी ठाऊक नव्हते, आता तोंडपाठ आहे.

धान कापून झाल्यावर, डिसेंबरात, आम्ही पुन्हा त्याच शेतात गेलो. बांध्यांत धसकटे उभी होती, मित्राच्या खळ्यावर पुंजणे रचलेले होते. वेळ सकाळी दहाची निवडली. या वेळी बहीणही आली होती, सोबत डबा आणि तो ताणकाटा घेऊन. काटा कशाला, असे मी विचारले तर म्हणाली, "असू दे." धुऱ्यावर मित्राचा पोरगा उभा केला, कुणी येताना दिसले तर हाक द्यायला.

पहिला सूर अगदी उथळ. विमान उतरवले, पट्टी हाताने हलवून पाहिली. दुसरा त्याहून थोडा खोल. पुन्हा उतरवले. तिसऱ्या वेळी विमान इतके उंच गेले, की मला ते नीट दिसेना. माझी नजर आता तशीही कमी झाली आहे. मग इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि वाऱ्याचा आवाज सुरू झाला, फडके फाडल्यासारखा. भाच्याच्या अंगठ्याने काडी हळूच ओढली. विमान बांध्यांच्या वर, चांगले तीन झाडांच्या उंचीवर सरळ झाले आणि आमच्या डोक्यावरून जाऊन पुन्हा वर चढले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहीण म्हणाली, "उतरव आता." त्याने उतरवले. तिने विमान उलटे मांडीवर घेतले, शेपटीची पट्टी धरली, हलवून पाहिली, तारेवरून बोट फिरवले. मग डबा उघडला.

जेवताना भाच्याने वहीत काहीतरी लिहिले. मी डोकावून पाहिले. तारीख होती, तीन सूर होते, आणि प्रत्येकापुढे अंदाजे वेग. चौथ्या ओळीत नुसता आकडा घालून ठेवला होता आणि पुढे जागा कोरी. "हा कधी?" मी विचारले. "आई नसताना नाही," तो म्हणाला. आईने ऐकले, पण तिने मान वर केली नाही. ती भाकरी मोडत होती.